झडपेसाठी पैसे आहेत, घशासाठी नाहीत

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या शाळांची तपासणी कधी ठेवायची, हे आमच्या हातात फारसं नसतं. ते पाऊस आणि मजुरी ठरवतात. जून ते सप्टेंबर आहुपे, तेरुंगण, तळेघर या बाजूला पाऊस उसंत देत नाही. रस्त्यांचा प्रश्न आहेच. २०१४ च्या ३० जुलैला माळीणवर डोंगर आला, दीडशेवर माणसं गेली, तेव्हापासून त्या दिवसांत तिकडे गाडी घालताना ड्रायव्हर आधी डोंगराकडे बघतो आणि मग रस्त्याकडे. पण माझी रोजची अडचण वेगळीच, आणि ती कुठल्या आराखड्यात लिहिलेली नसते. पत्र्यावर पाऊस वाजत असताना पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ठोक्यांच्या मधला बारीक फुसफुस आवाज, ज्याला आम्ही मर्मर म्हणतो, तो पकडायला खोली शांत लागते.

मग म्हणावं, पाऊस उघडल्यावर जाऊ. तर दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. आईबाप नारायणगाव, मंचरच्या बाजूला कांदा लागणीला, द्राक्षबागेत, टोमॅटोच्या तोडणीला उतरतात. घरी सांभाळायला म्हातारं माणूस नसेल तर जिल्हा परिषद शाळेतलं पोरही त्यांच्याबरोबर जातं. राहता राहिले दसरा-दिवाळीच्या आगेमागचे दिवस. त्यात सहामाही परीक्षा. मुख्याध्यापक हात जोडतात, "मॅडम, पेपर चालू आहेत, पुढच्या आठवड्यात या ना." पुढच्या आठवड्यात सुट्टी लागलेली असते.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातली वैद्यकीय अधिकारी. शिक्षण बीएएमएस, नेमणूक कंत्राटी. पथकात आम्ही चौघं: एक पुरुष डॉक्टर, एक स्त्री डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक नर्स. शिवाय भाड्याची गाडी आणि तिचा ड्रायव्हर. त्याला पथकात कोणी धरत नाही, पण कुठल्या वाडीचा रस्ता कुठं संपतो ते त्यालाच माहीत असतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शाळेत एकदा. जन्मतः असलेले दोष, पोषणातल्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला-विकासातला उशीर, या चार खान्यांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल बघायचं. जे जागेवर बरं होईल ते करायचं, बाकीच्यांना चिठ्ठी देऊन पुढं पाठवायचं. ६ फेब्रुवारी २०१३ ला हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं.

शाळेत जाऊन मुलं तपासायची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी. देशातली पहिली शालेय वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. १९४६ साली भोर समितीनं लिहून ठेवलं की अशी सेवा देशात जवळपास नाहीच. १९६१ मध्ये रेणुका रे समितीनं पुन्हा अहवाल दिला. मुलं तपासली पाहिजेत, यावर एवढ्या वर्षांत कोणाचं दुमत झालेलं नाही. तपासणीनंतरचा खर्च कोणी करायचा, इथं गाडी अडते.

आमच्या रजिस्टरात सगळ्यात जास्त काय भरतं ते आधी सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर हृदयाची भोकं शोधत असतो. सगळ्यात जास्त किडलेले दात. मग पांढुरक्या पापण्या, म्हणजे अंगात रक्त कमी. आश्रमशाळेत खरूज, ती एकाला झाली की वसतिगृहातल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावावं लागतं, चादरी-कपडे गरम पाण्यातून काढावे लागतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे. वाहणारे कान. आई सांगते, "कान फुटलाय, लसणाचं तेल घालतीय रोज." आणि फळ्यावरचं न दिसणारी मुलं, जी मागच्या रांगेत बसून बसून 'ढ' ठरलेली असतात. लोहाच्या गोळ्या शाळेत आठवड्याला एकदा द्यायच्या असतात, धाकट्यांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. खिचडी खाऊन, गुरुजींच्या समोर. निळ्या गोळ्या शाळेमागच्या गवतातही सापडतात, तेही खरं. उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं आणि मळमळलं की पुढच्या आठवड्यापासून पोरं त्या गालात धरून बाहेर जाऊन थुंकतात.

यातल्या जवळजवळ कशालाच सरकारी आरोग्य विमा लागू नाही. चष्मा, दात, कानाचे थेंब, खरजेचं मलम, बोलण्याची थेरपी, हे सगळं बाह्यरुग्णाचं काम. विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर जागा होतो. म्हणजे शाळेतल्या आजारांचा बहुतेक भाग आमच्या औषधपेटीवर, आणि औषधपेटी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशावर. उरतात ती मोजकी पोरं, ज्यांना शस्त्रक्रिया लागते: हृदयाचं भोक, फाटलेला ओठ, वाकडी पावलं, तिरळा डोळा, हर्निया, न उतरलेलं वृषण. त्यांची चिठ्ठी विम्याच्या दारात जाते.

पुणे जिल्ह्यात आमचा कार्यक्रम आणि हा विमा एकाच वर्षी आले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात पुणे नव्हतं. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं, १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची जोड झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते पाच लाख झालं. उपचारांची यादी ९७१ वरून १,३५६ वर गेली. पिवळं-केशरी कार्ड बघायची अट गेली, पांढऱ्या कार्डवालेही आत आले. योजना चांगली आहे, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. ज्या बापानं आयुष्यात कधी पन्नास हजार एकत्र पाहिले नाहीत, त्याच्या मुलाच्या हृदयातलं भोक एक रुपया न देता बुजलेलं मी पाहिलं आहे. तो मुलगा नंतरच्या तपासणीला रांगेत पुढं घुसला आणि शर्ट वर करून सगळ्यांना टाके दाखवत बसला.

पण योजनेच्या यादीत पोर कोणत्या दारानं शिरतं, ते बघण्यासारखं आहे. लाभार्थ्यांच्या गटांत शासकीय आश्रमशाळांतल्या विद्यार्थ्यांचा एक स्वतंत्र गट आहे. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली असाणे, आहुपे, तेरुंगण, गोहे अशा ठिकाणी शासकीय आश्रमशाळा आहेत. तिथं शिकणारी महादेव कोळी किंवा ठाकर समाजाची मुलगी, विद्यार्थिनी म्हणूनच योजनेत बसते. तिचा धाकटा भाऊ त्याच वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीत असेल, तर त्याला घरचं रेशनकार्ड लागतं. आणि रेशनकार्डावर त्याचं नाव नसतं. का नसतं, याची कारणं मला पाठ झाली आहेत. बाळंतपण मामाच्या गावी झालं, जन्माची नोंद तिकडं राहिली. कार्ड अजून आजोबांच्या नावावर, विभक्त झालंच नाही. नाव चढवायला तालुक्याला जायचं म्हणजे एक खाडा, आणि पहिल्या खाड्यात काम होत नाही. कातकरी वस्तीवर तर कार्डच नसतं कित्येकांकडे. ओटीपीवर आयुष्मान कार्ड काढायचं तर आधारला मोबाइल जोडलेला हवा. वरच्या वाड्यांत रेंज धरायला माणूस एका ठरावीक दगडावर जाऊन उभा राहतो, तिथं ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते.

कागद जमले असं धरू. चिठ्ठी घेऊन पहिल्यांदा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथून औंधचं जिल्हा रुग्णालय, तिथं मुलांसाठी जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. टूडी इको झाली की योजनेच्या पॅनेलवरचं रुग्णालय, ते पुण्यात नाहीतर पिंपरीत. तिथं आरोग्यमित्र कागद पाहणार, ऑनलाइन मंजुरी मागणार, एखादा कागद कमी निघाला तर परत घोडेगाव. योजना घरी परतायचं एसटी-भाडं देते, शस्त्रक्रिया होऊन सुट्टी मिळाली की एकदा. जायचं भाडं नाही, आधीच्या हेलपाट्यांचं तर नाहीच. पहाटेची मुक्कामी गाडी चुकली तर तो दिवस गेला. आम्ही कधी कधी आमच्याच गाडीत माय-लेकरांना घालून नेतो. त्या दिवशी ज्या शाळेला जायचं ठरलेलं असतं तिथली मुलं गणवेश घालून वाट बघत राहतात.

आता कपातीकडे येते. 'या योजनेत एवढी कपात करण्यात येत आहे' असं म्हणणारा शासन निर्णय मी कधी पाहिलेला नाही. कपात तशी येतच नाही. पॅकेजचा दर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि धागे, भूल, खाट सगळं महाग होतं. रुग्णालय तोंडावर 'परवडत नाही' म्हणत नाही, 'सध्या बेड नाही, पुढच्या महिन्यात फोन करा' म्हणतं. झालेल्या शस्त्रक्रियांचे पैसे थकतात, मग योजनेच्या खाटा न सांगता कमी होतात. शंभराहून अधिक उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवले आहेत. विचार योग्य, पैसा सरकारी रुग्णालयातच राहावा. पण लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर तिथं रोज नसेल, तर राखीव म्हणजे बंद. मग पुढचं शिबिर लागेपर्यंत हर्नियाचं पोर तसंच पळत राहतं. या प्रत्येक गोष्टीत कागदावर योजना जशीच्या तशी असते, यादी उलट लांबच होत जाते.

दुसऱ्या बाजूला आमचं अभियान. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आयुष्मान भारत विम्याला सुमारे ९,४०० कोटी रुपये आहेत. आदल्या वर्षी मूळ तरतूद ७,३०० कोटींची होती. राष्ट्रीय आरोग्य अभियानाला ३७ हजार कोटींच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, पण २०१९-२० मध्ये तो ३३ हजार कोटींच्या घरात होता. सहा वर्षांत डिझेल किती वाढलं, औषधं किती वाढली, हे मी सांगायला नको. वाढ दिसते तिथंही महागाईनं ती खाऊन टाकलेली आहे. यात राज्याचा वाटा ४० टक्के. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांवर रक्कम आरोग्यावर खर्चावी असं म्हटलं होतं, महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. आमच्या पातळीवर या सगळ्याचं भाषांतर होतं 'ग्रँट आली नाही'. ग्रँट आली नाही म्हणून गाडी उभी, ग्रँट आली नाही म्हणून मानधन लांबलं, ग्रँट आली नाही म्हणून चष्म्यांची ऑर्डर पुढं. आणि सहावीत नंबर काढलेला चष्मा सातवीत आला तर नंबर बदललेला असतो. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस राज्यभरचे अभियानाचे कंत्राटी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. मागणी रास्त होती, दहा-दहा वर्षं कंत्राटावर काढलेली माणसं होती ती. पण तारखा बघा: पश्चिम पट्ट्यात पाऊस उघडून मजूर अजून खाली उतरायचे होते, नेमके ते दिवस.

विमा आणि शाळा, दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी वाटतात. एकीकडे पैसे आटले तर दुसरीकडे का फरक पडावा? यावर मला जे दिसतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण आढावा बैठकीत हा मुद्दा निघत नाही. तिथं किती मुलं तपासली आणि किती संदर्भित केली एवढं विचारतात, आणि ते आकडे नव्व्याण्णव टक्क्यांच्या खाली येत नाहीत.

कुकडीच्या खोऱ्यातली एक शाळा. दोन शिक्षक, पहिली ते चौथी. व्हरांड्यात सतरंजी टाकून आमचं काम चाललेलं. एका मुलाचा डावा डोळा तिरळा, मागच्या वर्षीही रजिस्टरात आहे, त्याच्या मागच्या वर्षीही. तिरळेपणाचं असं की सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर ठीक, नंतर मेंदू त्या डोळ्याकडून आलेलं चित्र घ्यायचंच सोडून देतो. पुढं शस्त्रक्रियेनं डोळा सरळ दिसेल, पण त्यानं नीट दिसणार नाही. मी पुन्हा चिठ्ठी लिहायला घेतली. त्याची आई पोषण आहार शिजवायला येते, ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "मॅडम, मागल्या साली बी लिव्हून दिलं व्हतं. गेलो न्हाय का आम्ही? दोनदा गेलो. चार खाडं झालं दोघांचं. येकदा म्हनले कार्डावर नाव न्हाय, येकदा म्हनले डॉक्टर न्हाय. आता काय लिव्हू नका." मी म्हटलं, "ताई, या वेळी मी स्वतः फोन करते." तिनं मान हलवली. ती मान माझ्या समाधानासाठी हलवलेली होती, हे मला कळलं. शेजारी बसलेल्या दुसऱ्या पोराला मी विचारलं, कुठं दुखतं का रे, धाप लागते का खेळताना? त्यानं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि मग म्हणाला, "कायी न्हाय."

विम्यातला पैसा आटतो तेव्हा शाळेत पहिल्यांदा हे होतं. शस्त्रक्रिया कमी होतात ते नंतर, आणि ते निदान कुठंतरी मोजलं जातं. त्याआधी पोर खोटं बोलायला शिकतं. तपासणीच्या दिवशी घरी ठेवलं जातं. गुरुजी, जे पूर्वी स्वतःहून सांगायचे की 'मॅडम, या पोरीचं बघा, पायऱ्या चढताना थांबते', ते सांगायचं सोडून देतात. कारण चिठ्ठी निघाली की पालकांची बोलणी त्यांनाच खावी लागतात. आमच्या तपासणीत दिवसाला शंभरावर मुलं असतात, एका मुलाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. एवढ्यात आजार सापडतो तो गुरुजींच्या आणि आईच्या सांगण्यावरून. ती दोघं गप्प झाली की माझा स्टेथोस्कोप निम्मा बहिरा होतो. पुढं रुग्णालयाचं दार पुन्हा उघडलं, पैसे आले, तरी हे सांगणं लगेच सुरू होत नाही.

अमेरिकेत याच्या उलट रचना आहे. तिथं गरिबांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेड, १९६५ पासूनचा. १९८८ च्या एका कायद्यानंतर तिथली शाळा अपंग मुलांना दिलेल्या थेरपीचं बिल थेट मेडिकेडला लावू शकते. २०१४ पासून इतर पात्र मुलांच्या सेवांनाही ती वाट मोकळी झाली. शाळेतली नर्स, बोलायला शिकवणारी थेरपिस्ट, समुपदेशक यांच्या पगाराचा काही भाग त्यातून येतो. त्यामुळे ४ जुलै २०२५ ला तिथं जो कायदा झाला, ज्यातून दहा वर्षांत मेडिकेडचे नऊशे अब्ज डॉलरच्या वर कमी होतील असा अंदाज आहे, त्याविरुद्ध शाळांचे प्रमुख बोलत होते. त्यांच्या शाळेच्या वहीत तो पैसा दिसत होता. आपल्याकडे विम्याचा एक रुपया कधी शाळेच्या वहीत आलेला नाही. म्हणून पॅकेजचे दर गोठले किंवा दावे थकले तर जुन्नरच्या एकाही मुख्याध्यापकाला त्याची खबर लागत नाही; शिक्षक संघटनेच्या निवेदनात तो मुद्दा येत नाही. अमेरिकेची व्यवस्था आपण उचलावी असं मला मुळीच वाटत नाही, तिथल्या बिलांचे ढीग तिथल्या शाळांनाच लखलाभ. पण तिथं कपात झाली तर ओरडणारं एक माणूस शाळेत तरी बसलेलं आहे.

आता ज्या आजारामुळे हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. संधिवाताचा ताप, आणि त्यातून होणारा झडपांचा आजार. आमच्या कार्यक्रमाच्या यादीत तो आहे. पाच ते पंधरा या वयात, म्हणजे नेमका शाळेत असताना होतो. सुरुवात घसा दुखण्यापासून. एका विशिष्ट जंतूनं घसा आला, त्यावर पुरेसं औषध झालं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो आणि घोटा सुजतो. घरी समजतात खेळताना मुरगळला असेल. सांधे आपोआप बरे होतात, त्यामुळे सगळे विसरतात. हृदयाच्या झडपांना जे व्हायचं ते तोपर्यंत होऊन गेलेलं असतं. दाटीवाटीच्या वसतिगृहात, एका खोलीत सात-आठ माणसं झोपणाऱ्या घरात हा जंतू सहज फिरतो. गरिबीचा आजार म्हणतात तो असा.

एकदा हा ताप आलेल्या मुलाला पुन्हा तो येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी द्यायचं असतं. सत्तावीस किलोच्या आतल्या मुलाला सहा लाख युनिट, पुढं बारा लाख. एकवीस वर्षं वयापर्यंत तरी, झडप खराब असेल तर त्याहून पुष्कळ पुढं. एक कुपी काही दहा-वीसांच्या नोटांत येते. पण ती आणायची कोणी? प्रत्येक आरोग्य केंद्रात ती असतेच असं नाही. असली तरी द्यायला लोक धजावत नाहीत, कारण क्वचित एखाद्याला पेनिसिलिनची जबर रिॲक्शन येते आणि एकदा गावात तसं झालं की दहा वर्षं त्याचीच गोष्ट सांगतात. खासगी डॉक्टर तर हात जोडतात. इंजेक्शनही दुखरं, घट्ट औषध, सुई मधेच तुंबते; पोरगं दुसऱ्या वेळी पळून जातं. हे सगळं सांभाळायला दर तीन आठवड्यांनी त्या पोराला हाक मारणारं, समजावणारं, पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणारं कोणीतरी लागतं. मढ, इंगळून, आपटाळे, तळेघर, अडिवरे इथल्या आरोग्य केंद्रांच्या टापूत हे काम एकेका नर्सचं आहे आणि तिच्याकडे त्याशिवाय आणखी चाळीस कामं आहेत.

विम्याच्या यादीत या इंजेक्शनाला ओळ नाही. झडप बदलायला आहे. लाखाच्या वरचं पॅकेज, मंजूरही होतं. म्हणजे पोराचा घसा दुखत होता तेव्हा पैसे नव्हते, सांधे दुखत होते तेव्हा नव्हते, झडप निकामी झाल्यावर आहेत. आणि झडप बदलली की गोष्ट संपत नाही. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, ती जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर झडपेवर गुठळी. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी. वरच्या गावातून ती करायला खाली यावं लागतं. योजनेतला पाठपुरावा ठरावीक मुदतीपुरता. मुलगी असेल तर पुढं तिचं लग्न, बाळंतपण. त्या गोळीचा गर्भावर होणारा परिणाम तिला कोणी सांगितलेला नसतो आणि सासरी शस्त्रक्रियाच सांगितलेली नसते.

अशी एक मुलगी आहे, डिंभ्याच्या पाणलोटाकडची, आश्रमशाळेतली. मर्मर ऐकू आला, इको झाली, झडप थोडी गळते आहे, शस्त्रक्रियेची गरज नाही असं निघालं. विम्याच्या भाषेत ती लाभार्थीच नाही, कारण तिच्यावर करण्यासारखं पॅकेज नाही. तिला हवं आहे ते इंजेक्शन. शाळेच्या अधीक्षिकाबाईंनी ते काम अंगावर घेतलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तीन-तीन आठवड्यांनी लाल पेनानं गोल केलेले आहेत, तारखेला मुलीला घेऊन त्या स्वतः केंद्रात जातात, जाताना तिला पेरू नाहीतर गोळ्या-बिस्किटं. कुपी केंद्रात नसेल तर खालून मागवतात, पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात. एवढं चाललं आहे म्हणून त्या मुलीची झडप अजून तिथंच थांबली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती घरी गेली की मला काळजी असते. तेव्हा हिरडा गोळा करायचा हंगाम असतो, सगळं घर रानात, आणि तारीख चुकते.

यावर उपाय फार मोठे आहेत असं मला वाटत नाही. शासकीय आश्रमशाळेतलं मूल शाळेच्या पटावर आहे म्हणून योजनेत बसतं, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल का बसू नये? मुख्याध्यापकांच्या सहीच्या दाखल्यावर एसटीचा पास मिळतो, आधारशी जोडलेला प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक शिक्षण खात्याकडे आहे, मग हृदयाच्या शस्त्रक्रियेलाच रेशनकार्ड कशाला हवं? झडपेच्या पॅकेजमधल्या पैशात कितीतरी मुलांची वर्षानुवर्षांची इंजेक्शनं बसतात. ती योजनेच्या यादीत घालावीत आणि पैसे आरोग्य केंद्राला मिळावेत, म्हणजे केंद्रालाही कुपी ठेवण्यात रस राहील. भाडं शेवटी एकदा देण्याऐवजी पहिल्या चिठ्ठीपासून द्यावं, आणि मजुरीच्या खाड्याचंही काहीतरी करावं. यावर उत्तर ठरलेलं आहे: विमा हा दाखल रुग्णासाठी असतो, त्यात बाह्यरुग्ण सेवा घातली तर हिशेब कोलमडेल. हिशेब कोणाचा, हा प्रश्न मी बैठकीत विचारला होता. चहा आला.

तोवर जे हातात आहे ते. पुढच्या आराखड्यासाठी तालुक्यांकडून मागणी मागवतात तेव्हा औषधांच्या तक्त्यात बेंझाथिन पेनिसिलिनची ओळ मी सोडत नाही, सहा लाखाची वेगळी आणि बारा लाखाची वेगळी, आणि शेऱ्याच्या रकान्यात मुलांची संख्या लिहिते. एसटी भाड्यासाठी तक्त्यात रकाना नाही. तो मी यंदा खाली हातानं आखून जोडणार आहे.